गाव यवतमाळचं, कोटा तेलंगणाचा

पांढरकवड्याहून हायवेनं खाली गेलं की पैनगंगा लागते, पूल ओलांडला की तेलंगणा. ताईचं गाव या बाजूला. आमच्याकडची बरीच पोरं दहावी झाली की हैदराबादला जातात, अकरावी-बारावी आणि जेईईची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी सोबतच, होस्टेलमध्ये राहून. माझा भाचाही गेला. भाऊजींनी दोन वर्षं कापूस विकला की पहिले त्याची फी भरली, मग बाकीचे खर्च.

पोरानं मेहनत केली, रँक बरी आली. त्याच्या डोक्यात एकच, नागपूरचं व्हीएनआयटी, म्हणजे तिथलं केंद्र सरकारचं इंजिनिअरिंग कॉलेज, एनआयटी. घरून सकाळच्या एसटीत बसलं की दुपारपर्यंत नागपूर, आजी आजारी पडली तर येता येईल, असं त्याचं साधं गणित होतं. जोसाचा, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला माझ्याकडे आला, सोबत तहसीलमधून काढलेलं डोमिसाईल प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून आणलेलं. मोबाईलवर नाव, जन्मतारीख तपासत खाली आलो तर स्टेट कोड ऑफ एलिजिबिलिटी, म्हणजे पोरगा कोणत्या राज्याचा धरणार त्या रकान्यासमोर तेलंगणा. तो म्हणे, "मामा, हे काहून असं दाखवते? आपण तं यवतमाळचे ना?"

तर नियम असा आहे. एनआयटीत निम्म्या जागा होम स्टेटला आणि निम्म्या अदर स्टेटला, ही पद्धत एनआयटी आधी रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजं होती तेव्हापासूनची. पण होम स्टेट कोणतं हे डोमिसाईलवरून ठरतच नाही, बारावी ज्या राज्यातल्या कॉलेजातून पास झाला ते राज्य तुमचं. जन्म, सातबारा, रेशनकार्ड, आईबापाचा पत्ता, काहीच बघत नाहीत. नंतर इम्प्रूव्हमेंटला दुसरीकडून बसलं तरी पहिल्यांदा जिथून पास झाला तेच राज्य धरतात. म्हणजे नागपूरच्या होम स्टेटच्या जागा याच्यासाठी बंद, अदर स्टेटमधून महाराष्ट्र सोडून अख्ख्या देशाशी टक्कर. आणि होम स्टेट मिळालं ते एनआयटी वारंगलचं, जिथं हैदराबादच्या क्लासेसमधली सगळी तयारीची पोरं रांगेत उभी असतात. कॉलेज वारंगलचं चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही, पण त्याला घराजवळ राहायचं होतं.

दोन वर्षांत क्लासवाल्यांनी एकदाही हे सांगितलं नाही, याचा मला खरंच राग आहे. फी घेताना बापाचा पूर्ण पत्ता लिहून घेतला होता त्यांनी, यवतमाळ जिल्हा म्हणून.

आयआयटीत राज्याचा कोटाच नाही त्यामुळे तिथं फरक पडत नाही. मेडिकलचं अजून वेगळं, सरकारी कॉलेजात १५ टक्के जागा ऑल इंडियाच्या आणि ८५ टक्के राज्याच्या, आणि आपल्या राज्याच्या ८५ टक्क्यांसाठी डोमिसाईल तर लागतंच पण साधारणपणे दहावी-बारावीही महाराष्ट्रातूनच लागते. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, नीटची तयारी करणाऱ्या पोरांना बारावीला बाहेर पाठवलं तर घरचाच मोठा कोटा हातातून जाऊ शकतो, आणि उरलेल्या १५ टक्क्यांत पूर्ण देश आहे बाप्पा.

भाच्यानं शेवटी लिस्टमध्ये नागपूरच्या ब्रांचेस वरच ठेवल्या, खाली वारंगल. मी काही बोललो नाही.

धाकटी यंदा दहावीला आहे. परवा भाऊजींचा फोन, "हिचं कसं करायचं आता?" म्हटलं क्लास कुठलाही ऑनलाईन लावा, पण बारावीचं कॉलेज पांढरकवड्याचं नाहीतर यवतमाळचं पाहा. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "हे दोन वर्सं आधी कोनी सांगतलं असतं तं."