कुंकवाचा शेंदूर कसा झाला

रांगोळीचा टाइमलॅप्स संपला असं मी धरून चाललो होतो. दर ५ सेकंदांना एक असे ६०० फोटो, २५ फ्रेमच्या हिशेबाने २४ सेकंद, आणि मध्ये आईच्या बोटांचे जवळून घेतलेले दोन शॉट. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मला सगळं झकास दिसत होतं. एक्स्पोर्ट करून मॅकवरच आईला दाखवलं, तर म्हणाली, "अरे, मी कुंकवाचा लाल भरला होता. हा शेंदरी कुठून आला? आणि फरशी अशी धुरकट का दिसतेय?"

ही दोन वेगळी दुखणी आहेत हे मला लगेच कळलं नाही. पहिली संध्याकाळ तर वायाच गेली. मॅकच्या क्विकटाइम प्लेअरमध्ये फिकं दिसतंय ना, मग चढव कॉन्ट्रास्ट, वाढव सॅच्युरेशन. क्विकटाइममध्ये जमलं, पण तीच फाइल टीव्हीवर लावली तर फरशीचं डांबर आणि आईचे हात विटकरी.

दुसऱ्या दिवशी ते सगळं पुसलं आणि आधीच करायला हवं होतं ते केलं. एक्स्पोर्ट झालेली फाइल परत टाइमलाइनवर आणली, मूळ एडिटच्या डोक्यावर ठेवली आणि कंपोझिट मोड डिफरन्स केला. दोन्ही सारखी असतील तर पडदा काळा. कॉम्प्रेशनचे बारीक ठिपके सोडले तर काळाच होता. म्हणजे एक्स्पोर्टने काही बिघडवलं नव्हतं, आकडे तेच होते. फरक होता तो वाचणाऱ्यात.

फाइलवर रंगाच्या तीन खुणा असतात: प्रायमरीज (मूळ लाल, हिरवा, निळा नेमके कोणते), ट्रान्स्फर (आकड्यांचा उजेड कसा करायचा), मॅट्रिक्स (आरजीबी आणि वाययूव्ही, म्हणजे उजेड आणि रंग वेगळे ठेवणारे आकडे, यांच्यातलं रूपांतराचं सूत्र). १-१-१ म्हणजे तिन्ही रेक.७०९, एचडी व्हिडिओचं प्रमाण. ट्रान्स्फरची खूण १ असली की मॅकचं कलरसिंक, म्हणजे रंग सांभाळणारी यंत्रणा, साधारण १.९६ गॅमा (हा आकडा जितका मोठा तितक्या सावल्या गडद) धरून चित्र दाखवतं. टीव्हीचं प्रमाण, म्हणजे बीटी.१८८६, २.४ च्या आसपासचं. या फरकात सावल्या उजळतात, तोच तो धुरकटपणा. रिझॉल्व्हचा व्ह्यूअर मात्र माझ्याकडे कलरसिंकला न विचारता आकडे थेट पडद्यावर टाकत होता. प्रेफरन्सेसमध्ये मॅकचं डिस्प्ले प्रोफाइल व्ह्यूअरला वापरायचा पर्याय चालू केला, एक्स्पोर्टचा गॅमा टॅग रेक.७०९-ए ठेवला आणि व्ह्यूअर व क्विकटाइम जुळले.

जुळले, पण एवढंच. उजळ व्ह्यूअर बघून ग्रेड केलं, म्हणजे रंग-उजेड जुळवले, की टीव्हीवर ते गडद पडणार, त्याला इलाज नाही. आमच्याकडे सगळे फोनवरच बघतात, म्हणून शेवटचा निवाडा आईच्या फोनवर करायचा असं ठरवलंय.

फरशी सुटली. लाल तसाच शेंदरी. आणि इथे मी तोंडावर आपटलो, कारण लाल एडिटमध्येही आधीपासूनच चुकलेला होता. आठवडाभर तोच बघून डोळा सरावला होता. मूळ फोटो शेजारी उघडला तेव्हा कळलं.

नशिबाने पहिल्या फोटोत ग्रे कार्ड, म्हणजे रंग तपासायचा करडा पुठ्ठा, ठेवलं होतं. करडा रंग फोटोत आणि क्लिपमध्ये तंतोतंत एक, लाल आणि पोपटी मात्र सरकलेले. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. गॅमा चुकला किंवा १६–२३५ आणि ०–२५५ या लेव्हल्सची (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या आकड्यांची) गल्लत झाली, तर करडाही हलतो. करडा जागेवर आणि रंग सरकलेले असतील तर संशय मॅट्रिक्सवर घ्यायचा.

तसंच निघालं. रॉमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलींमधून, काढलेले पीएनजी फोटो मी एफएफएमपेग या व्हिडिओच्या टूलने जोडले होते आणि मॅट्रिक्स सांगितलंच नव्हतं. न सांगितल्यास ते आरजीबीचं वाययूव्ही करताना जुन्या एसडीचं ६०१ वापरतं, आणि खूण नसलेली एचडी फाइल पुढचा जण ७०९ समजून उघडतो. कागदावर हिशेब करून पाहिला: शुद्ध लाल २५५, ०, ० असा जातो आणि साधारण २५५, २५, ० होऊन परततो. ते २५ हिरवं म्हणजेच आईचा शेंदूर. शुद्ध हिरवा २५५ वरून २१५ च्या आसपास उतरतो.

आधी नुसता ७०९ चा टॅग लावून पाहिला. काही बदललं नाही, बदलणारही नव्हतं. डब्यात मीठ असताना वर साखरेची चिठ्ठी चिकटवण्यातला प्रकार. स्केल फिल्टरमध्ये आउटपुट मॅट्रिक्स बीटी७०९ दिलं, शिवाय तिन्ही टॅग लावले, क्लिप नव्याने काढली. आता लाल लाल आहे.

काल आईने फोनवर पाहिलं. रंग पास. मग दोन बोटांनी झूम करून म्हणाली, "रेघ फिसकटलीय. माझी रेघ अशी नसते." बरोबर आहे तिचं. ४:२:० या रंग काटकसरीने साठवण्याच्या पद्धतीत चार पिक्सेलना मिळून रंगाचा एकच नमुना असतो, त्यामुळे काळ्या फरशीवरची बारीक लाल रेघ कडेला विरघळते. फोटो मोठे आहेत, तेव्हा रविवारी सगळं ४के टाइमलाइनवर काढून बघतो.