आधी निरीक्षण, मग अनुमान

रसायनशास्त्रात उभी हयात गेली, तरी नातेवाईक अजून विचारतात, "म्हणजे तुम्ही औषधं बनवता का?" मी काहीच बनवत नाही. दुसऱ्यांनी बनवलेलं तपासतो. माझा विषय पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकसारखे पदार्थ, आणि त्यांचं विश्लेषण.

ही खोड आपल्या शाळेत लागली. प्रयोगवहीत कृती, निरीक्षण, अनुमान या रकान्यांची सरमिसळ झालेली विज्ञानाच्या सरांना खपत नसे. चुनखडी तापवण्याच्या प्रयोगात कुणी निरीक्षणाखाली 'कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला' असं लिहिलं, की लाल काट ठरलेली. "तुला वायू दिसला का रे? चुन्याची निवळी दुधाळ झालेली दिसली. तेवढंच लिही!"

एम.एस्सी.नंतर पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) पीएच.डी.ला लागलो. पॉलिमरचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. जर्मन रसायनशास्त्रज्ञ स्टाउडिंगर यांनी १९२० साली हे मांडलं तेव्हा भल्याभल्यांनी नाकं मुरडली. त्यांना नोबेल मिळायला १९५३ उजाडलं. एकाच नमुन्यात आखूड-लांब साखळ्या असतात आणि मालाचा चिवटपणा त्यांच्या प्रमाणावर ठरतो. ते मोजायला जीपीसी, म्हणजे रेणू आकारानुसार वेगळे करणारं तंत्र. सच्छिद्र मण्यांच्या नळीतून द्रावण सोडायचं. मोठे रेणू आधी बाहेर येतात, लहान मागाहून. जत्रेत मोठी माणसं सरळ चालत पार होतात, पोरं दिसेल त्या दुकानात शिरतात, तसंच हे.

पुढे नोकरीत तपासलेल्या हजार वस्तूंमधली एक सांगतो. ठिबकच्या नळीचा तुकडा. उन्हाळे सोसायच्या आधीच तडकलेला. पॉलिथिनला उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवायला त्यात साधारण दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक, म्हणजे बारीक काजळी, घालतात, म्हणून त्या नळ्या काळ्या. नखाएवढीही नाही अशी कपची टीजीएच्या, म्हणजे तापवताना वजन किती घटतं ते टिपणाऱ्या उपकरणाच्या, तराजूत ठेवली आणि नायट्रोजनमध्ये तापवत नेली. ५०० अंशांपर्यंत पॉलिथिन उडून गेलं. वजनाचा आलेख आता सपाट जायला हवा होता, पण ७०० च्या आसपास पुन्हा एक पायरी उतरला. मग ऑक्सिजन सोडला. काजळी जळाली, ती टक्काभरही भरली नाही. भांड्यात पांढरी राख उरली. ७०० ची पायरी कसली, हे नववीतल्या कुणीही सांगावं: चुनखडी! स्वस्तात वजन भरायला घातलेली. काळा रंग पाहून शेतकऱ्याने विश्वास ठेवला होता. त्याला भरपाई मिळाली का, ते आमच्यापर्यंत कधी पोचलं नाही. आमच्या धंद्यात रिपोर्टवर सही झाली की गोष्ट संपते, आणि हे मला कधीच आवडलं नाही.

नवी रसायनं घडवणाऱ्यांचा तोरा वेगळा. आम्हाला ते फक्त "रिपोर्ट कधी?" एवढंच विचारणार. असो.

शाळेत डिजिटल वर्ग झालेत असं कळलं, आनंद आहे. पण एखादा शनिवार मला द्या. उपकरण काही नको, पाण्याची बादली आणि कात्री पुरे. पाण्याच्या बाटलीचा आणि तिच्या झाकणाचा तुकडा कापून बादलीत टाकायचा. झाकण तरंगतं, बाटली बुडते. कारण मुलांनी शोधायचं. तोवर वहीत फक्त दिसलं ते लिहायचं. पीव्हीसीचे तुकडेही आणा, पण ते कुणी जाळून पाहायचे नाहीत. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, आणि तो नाकाला आधी कळतो.