सिमको तळ्यावर बर्फातली मासेमारी: कपड्यांचा माझा अनुभव, आणि बुटांचा वैताग

परवाना ऑनलाइन निघतो. हट, म्हणजे बर्फावर उभी केलेली खोपटी, भाड्याने देणारे बॅरीपासून जॅक्सन्स पॉइंटपर्यंत चिक्कार आहेत आणि गळ, रीळ, आमिष तेच देतात. टोरांटोहून सिमको तळं गाडीने तासा-सव्वा तासावर. इथवरचं कुणीही निस्तरेल. अंगावरच्या कपड्यांचंही एका दुपारीत भागतं. माझं घोडं अडलं ते बुटांपाशी, आणि खोक्यावर छापलेलं ते 'उणे ४०' आठवलं की अजून टाळकं सरकतं. या बाजूला नव्याने आलेल्या मंडळींनी हे ऑक्टोबरमध्येच वाचावं. का ते पुढे येईलच.

अंगावरचं आधी उरकून टाकतो. बर्फावर दोन अगदी वेगळी कामं असतात. आधी स्लेज ओढत चालायचं आणि हाताच्या ऑगरने, म्हणजे बर्फाच्या गिरमिटाने, भोकं पाडायची, यात घाम निघतो. मग तासन् तास बादलीवर बसून राहायचं, यात शरीर फारशी ऊब तयारच करत नाही. एक जाडजूड जॅकेट या दोन्हीला पुरत नाही. कातडीला लागून मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा थर हवा, चौरस मीटरला २०० ते २५० ग्रॅमचा. त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर आणि सगळ्यावर वारा-पाणी अडवणारं कवच. बसल्यावर मध्ये चढवायला पफर, म्हणजे फुगीर भरणाचं जॅकेट, वेगळं ठेवायचं, चालताना ते स्लेजमध्येच. गाडीतून उतरल्यावर पहिली पाच मिनिटं थोडी हुडहुडी भरलीच पाहिजे. तिथेच ऊबदार वाटत असेल तर भोकापाशी पोचेपर्यंत पाठ भिजलेली असणार, आणि भिजल्या पाठीने दुपार निघत नाही.

सुती काही नको, आतलं बनियनसुद्धा नको. कापूस घाम पितो आणि धरून बसतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत ओलावा पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. भारतातून आणलेल्या थर्मलचं लेबल वाचा, बऱ्याच थर्मलमध्ये कापूस मिसळलेला असतो. आईने विणून दिलेला स्वेटर मधल्या थराला उत्तम, फक्त लोकर खरी आहे ना ते पाहा.

खाली पँटीऐवजी बिब घ्या, म्हणजे खांद्याला पट्टे असलेली डंगरी. भोकावर वाकलं की जॅकेट वर सरकतं आणि कंबर उघडी पडते. बिबने तो प्रश्न मिटतो. गुडघ्याला पॅड असलेली आणि पायाची चेन मांडीपर्यंत उघडणारी बघा, म्हणजे बूट न काढता घालता-काढता येते. डंगरीचा पाय बुटाच्या बाहेर सोडायचा, आत खोचायचा नाही. खोचला की ओघळणारं पाणी थेट मोज्यात.

आता बूट.

दुकानात पहिलं वाक्य ऐकू येतं, "हे उणे ४० चे आहेत." हा आकडा ठरवला कुणी? बहुतेक वेळा बूट बनवणाऱ्यानेच. सगळ्या कंपन्यांनी पाळलाच पाहिजे असा एक मापदंड त्यामागे नसतो, त्यामुळे एकाचा उणे ४० दुसऱ्याच्या उणे ३० पेक्षा गार निघू शकतो. वर तो आकडा बहुधा हालचाल करणाऱ्या माणसाला धरून दिलेला असतो. चालताना पोटऱ्या रक्त ढकलत राहतात आणि पाय स्वतःच गरम राहतात. बादलीवर बसलेल्या माणसाला हे लागू होत नाही. खोक्यावर हे कुठेही लिहिलेलं नसतं.

आणि हे बूट परत करायला गेलात की फॉर्म हातात येतो. माझ्या हातात आलेल्या फॉर्मवर परतीची कारणं होती: साइझ बसला नाही, रंग आवडला नाही, शिवण उसवली, चुकीचा माल आला. हिवाळी बुटांच्या दुकानात 'पाय गारठतात' हा पर्यायच नव्हता! मी 'इतर'वर खूण केली. काउंटरवरच्या माणसाने तळ उलटा करून पाहिला, रस्त्यावरच्या मिठाचा पांढरा डाग दाखवला आणि "हे वापरलेले आहेत" म्हणाला. वापरल्याशिवाय गारठतात हे कळणार कसं, याला उत्तर नव्हतं. कागद पुढे पाठवतो, कळवतो, एवढंच. 'इतर'वाल्यांना कळवेपर्यंत तळ्यावरच्या हट हलवायची हंगामअखेरची मुदत उलटून गेली, आणि कळवलं ते 'नाही' असंच.

म्हणून आधी हे करा. बूट घरी आणा, गालिच्यावर घाला, बर्फावर घालणार तेच मोजे चढवा आणि अर्धा तास खुर्चीत बसा. उठून बोटं हलवून पाहा. पाचही बोटं मोकळी हलत नसतील तर तळाला धूळ लागायच्या आत परत करा आणि 'साइझ बसला नाही'वर खूण करा. तो पर्याय चालतो. हे सगळं नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकायचं, कारण जानेवारीत, म्हणजे बर्फ खऱ्या अर्थाने चालण्याजोगा होतो तेव्हा, दुकानं वसंताचा माल लावू लागतात आणि उरतात ते फक्त टोकाचे साइझ.

साइझचा घोळ आपल्याकडच्या लोकांचा हमखास होतो. भारतातला पुरुषांचा ८ हा ब्रिटिश पद्धतीचा, इथे तो साधारण ९. थंडीच्या बुटाला त्यावर आणखी एक वाढवायचा, म्हणजे १०. बरेच फेल्टवाले, म्हणजे आत दाबलेल्या लोकरीचं जाड अस्तर असलेले, बूट अर्ध्या साइझमध्ये येतच नाहीत. मधला नंबर असेल तर वरचा घ्या. मोकळी जागा हवी यामागे साधं कारण आहे. ऊब लोकरीत किंवा फेल्टमध्ये नसते, त्यात अडकलेल्या हवेत असते. घट्ट बुटात तीन मोजे कोंबले की ती हवा दाबली जाते, वर पायाचं रक्तही अडतं. दोन जोड मोजे घालून बोटं गारठली तर आधी एक जोड काढून पाहा.

बुटाच्या भरणाचे आकडेही ग्रॅममध्ये येतात: २००, ४००, ८००, १,२००. ४०० चा बूट शहरात फिरायला. बसून मासे धरायचे तर ८०० च्या पुढचा, किंवा त्याहून बरा म्हणजे आतला फेल्टचा लायनर बाहेर निघणारा, खाली रबर आणि वर कातडं किंवा नायलॉन असलेला. निघणारा लायनर हाच माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा गुण. पाय दिवसभर घाम सोडतो, तो लायनरमध्ये मुरतो. शिवलेल्या बुटात तो ओलावा रात्रभरातही पुरता जात नाही आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही ओल्या बुटानेच सुरुवात करता. फेल्ट बाहेर काढून उभा ठेवला, आत वर्तमानपत्राचे बोळे घातले की सकाळपर्यंत खडखडीत. हीटरवर थेट ठेवू नका, फेल्ट आटतो. बूट रात्री गाडीच्या डिकीत ठेवायचे नाहीत. गोठलेल्या बुटात पाय घालून तो गरम करायचं काम तुमच्याच पायाला करावं लागतं. लायनरचा दुसरा जोड मिळत असेल तर बुटांबरोबरच घ्या.

रबराचा भाग घोट्याच्या वर यायला हवा. भोक पाडलं की पाणी आणि चुरा वर येतो, बर्फावर जड हिम साचलेलं असेल तर आणखीच, आणि थोड्या वेळात तुम्ही लगद्यात उभे असता. झाऱ्याने भोकातला चुरा काढताना तो पायाशी न टाकता वारा वाहतो त्या बाजूला लांब भिरकवा. ही सवय लावून घ्या, फुकटची ऊब आहे.

पण एवढं करूनही पाय गारठतात ते तळव्यातून. बूट कितीही जाड असो, खाली बर्फाची लादी आहे आणि शरीराच्या वजनाने तळाचं भरण दाबलेलं असतं. उपाय बुटात नाही, बुटाखाली आहे. मुलांच्या खोलीत अंथरतात ते एकमेकांत अडकणारे फोमचे चौकोन, साधारण १२ मिलिमीटर जाडीचे. दोन चौकोन एकावर एक पायाखाली ठेवा. फोम बंद पेशींचा हवा, पाणी पिणारा स्पंज नको. योगा मॅट पातळ पडते. इतक्या स्वस्तात इतका फरक पाडणारी दुसरी वस्तू या खेळात नाही, आणि बुटांच्या दुकानात ती मिळत नाही हे ओघाने आलंच.

मोज्यांचं गणित असं: आत पातळ मेरिनो किंवा पॉलिएस्टर, बाहेर एक जाड लोकरी. चालून भोकापाशी पोचलात की पातळ जोड बदलायचा. बाहेर उणे १५ असताना बूट काढणं जिवावर येतं, पण फोमवर पाय टेकवून एकेक करा, मिनिटभराचं काम आहे. ज्यांच्या पायांना फार घाम येतो त्यांनी पातळ मोज्यावर पावाची प्लॅस्टिक पिशवी चढवून तिच्यावर जाड मोजा घालावा. पाय थोडा दमट राहतो, पण जाड मोजा आणि फेल्ट दिवसभर कोरडे राहतात. दिसायला हास्यास्पद, चालतं उत्तम.

गरम करणाऱ्या पुड्यांबद्दल: त्यात लोखंडाची भुकटी असते, ती हवेतल्या ऑक्सिजनने गंजते आणि त्यातून उष्णता निघते. म्हणून हातासाठीची पुडी घट्ट बुटात कोंबली की विझते. बोटांसाठीच्या पुड्या कमी हवेत चालाव्यात म्हणून वेगळ्या बनवतात, त्याच घ्या, आणि मोज्याच्या बाहेरून चिकटवा. थेट कातडीवर भाजतं. अर्धवट वापरलेली हातपुडी हवाबंद पिशवीत घालून हवा दाबून काढली की थांबते, पुन्हा हवा लागली की चालू.

घसरण्याबद्दल एक चांगली गोष्ट आहे. टोरांटोच्या पुनर्वसन संशोधन केंद्रात हिवाळी बुटांचे तळ खऱ्या बर्फाच्या उतारावर माणसं चालवून तपासतात आणि हिमकणांच्या खुणांनी दर्जा देतात. ही तपासणी पकडीची आहे, उबेची नाही. तरी दोन बुटांत निवड अडली तर तो निकाल पाहा. तुळतुळीत बर्फावर मात्र बुटावर चढवायचे खिळेच लागतात.

हातांचं त्या मानाने सोपं. एकच भारी हातमोजा शोधत बसू नका, तीन जोड घ्या. काम करताना बोटं उघडी असलेले लोकरी, वरून झडप असलेले. बसल्यावर मिटन, म्हणजे चार बोटं एकत्र राहणारे. बोटं एकमेकांना गरम ठेवतात. आणि एक कोरडा जोड जॅकेटच्या आत छातीशी. जिवंत आमिषाच्या बादलीत हात घालायचा असेल तेव्हा लोकरी हातमोज्याखाली नायट्राइलचे, म्हणजे डॉक्टर घालतात तसले, पातळ हातमोजे. पर्च मासा गळातून सोडवून झाला की हात पुसूनच मिटनमध्ये घाला. त्यासाठी बिबला एक टॉवेल अडकवलेला असावा.

तळ्यावर वाऱ्याला आडोसा नाही. उणे १५ तापमान आणि ताशी ३० किलोमीटर वारा असला की विंडचिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी, उणे २६ वर जातं. कॅनडाच्या हवामान खात्याच्या तक्त्यात उणे २८ पासून पुढे उघड्या कातडीला १० ते ३० मिनिटांत हिमदंशाचा धोका दिलाय. निघताना तापमान नको, विंडचिल पाहा. डोक्याला आपली माकडटोपी झकास, पण नाकावरून ओढली की चष्मा धुकटतो; नाकाखाली ठेवा आणि वाऱ्याकडे पाठ करून बसा. मफलर गाडीतच राहू द्या, लोंबणारं टोक ऑगरमध्ये अडकतं. हुडच्या दोऱ्याही आत खोचा.

हटमध्ये प्रोपेनचा हीटर असेल तर वरची झडप उघडी ठेवा, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड साठतो. हीटरजवळ नायलॉनचं कवच नेऊ नका, वितळतं. दारूने ऊब येते ती कातडीपुरती. रक्त बाहेरच्या अंगाला येतं आणि आतली उष्णता निघून जाते. संक्रांतीच्या आसपास जाणार असाल तर खिशात गुळपोळी ठेवा, मिटन घालूनही खाता येते.

पैसे उरले तर तरंगणारा सूट घ्या. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटाला जाणाऱ्याने पैसे नसले तरी घ्यावा. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्ट यांचा १-१०-१ असा नियम आहे: बर्फाच्या पाण्यात पडल्यावर श्वास आवरायला एक मिनिट, हातपाय कामाचे असेपर्यंत दहा मिनिटं, शुद्ध हरपायला साधारण एक तास. सूट त्या दहा मिनिटांत तुम्हाला वर ठेवतो. बाहेर यायला बर्फात रुतवायचे दोन टोचे लागतात, ते गळ्यात आणि जॅकेटच्या वरच असले पाहिजेत. चालण्यासाठी निदान १० सेंटिमीटर स्वच्छ, निळसर बर्फ हवा. पांढरा, दुधट बर्फ निम्म्या ताकदीचा धरा. सूट मापाचा घेताना आत स्वेटर आणि पफर घालूनच घ्या, आणि पायाची चेन तुमच्या बुटावरून बंद होते का ते दुकानातच पाहा. बूट बरोबर न्या. सुटांच्या परतीच्या फॉर्मवर काय काय लिहिलेलं असतं ते मला बघायचं नाही.