भिंतीवरचा प्रोजेक्टर पडदा: करडा रंग कालवताना

१०० इंच कर्णाचा, १६:९ प्रमाणातला पडदा म्हणजे ८७ इंच रुंद आणि ४९ इंच उंच, जेमतेम ३० चौरस फूट. एक लिटर पांढऱ्या मॅट इमल्शनमध्ये तीन हात होऊन थोडा रंग उरतो. मॅट मात्र खरोखर मॅट हवा. दुकानदार ‘जरा भारीतला’ म्हणून देतो त्यात बारीक चमक असते, आणि प्रोजेक्टर लावला की तीच चमक चित्राच्या मध्यावर उजळ डाग होऊन बसते.

आधी भिंत. रात्री दिवे बंद करून टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धरला की दिवसा न दिसलेले खळगे सावल्यांसकट उठून दिसतात. तिथे लांबी (पुट्टी) भरली, वाळल्यावर १८० आणि मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर मारला, ओल्या फडक्याने भुकटी पुसली, प्रायमरचा एक हात दिला. प्रायमरवर पुन्हा ३२० हलका फिरवला.

करडा कशासाठी, हे नीट कळून घ्यावं. खिडकीतून थेट येणारा उजेड करडा पडदा कमी परावर्तित करतो, पण प्रोजेक्टरचाही तेवढाच. त्यात कमाई शून्य. फायदा होतो तो चित्राचा उजेड पांढऱ्या छतावर, भिंतींवर आपटून पडद्यावर परततो तिथे, कारण त्याला करड्याचा फटका दोनदा बसतो. खोली पूर्ण काळोखी आणि भिंती गडद असतील, किंवा प्रोजेक्टर मंद असेल, तर सरळ पांढराच लावावा. माझी खोली पांढऱ्या छताची, म्हणून फिका करडा.

पांढऱ्यात नुसता काळा स्टेनर (छटा देण्यासाठी रंगात मिसळायचा दाट रंग) घातला की करडा निळसर होतो. थोडा यलो ऑक्साइड आणि त्याहून कमी रेड ऑक्साइड घालून तो निळेपणा मारावा लागतो. मी पाच मिलीची सिरिंज वापरली: एक लिटरला काळा ३ मिली, यलो ऑक्साइड १ मिली, रेड ऑक्साइड ०.३ मिली. कंपनीगणिक स्टेनरचा जोर वेगळा, म्हणून हे आकडे सुरुवातीपुरते धरा आणि अर्ध्या मिलीने वाढवत जा. घातलेला स्टेनर परत काढता येत नाही.

ओल्या रंगावर निर्णय घेऊ नये, इमल्शन वाळल्यावर गडद होतं. पुठ्ठ्यावर दोन हात मारून वाळवलं आणि शेजारी नळाची टेफ्लॉन टेप आठ-दहा पदरी दुमडून ठेवली. झेरॉक्सचा कागद इथे फसवतो. त्यात चमक आणणारं रसायन असल्याने तो स्वतःच निळसर असतो. फोनचा व्हाइट बॅलन्स (पांढरं ते पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्याची जुळणी) टेपवर पक्का करून फोटो काढला आणि करड्या भागाचे लाल, हिरवा, निळा हे आकडे पाहिले. निळा सहाने जास्त होता. यलो ऑक्साइडचे आणखी चार थेंब पडल्यावर तिन्ही जुळले. सगळा रंग एकाच डब्यात कालवायचा, दहा मिनिटं ढवळायचा आणि मलमलच्या फडक्यातून गाळायचा. स्टेनरची एक न विरघळलेली गाठ रोलरखाली फुटली तर काळा फराटा ओढला जातो.

पाणी दहा टक्के. रोलर आखूड केसांचा, मायक्रोफायबरचा. स्पंजचा रोलर बुडबुडे सोडतो. पंखा बंद. रोलर पडद्याच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत एका दमात, पुढचा पट्टा आधीच्या ओल्या कडेवर दोन इंच चढवून, शेवटची फिरवणी सगळीकडे एकाच दिशेने. अर्धवट वाळलेल्या जागी ‘एवढंच जरा’ म्हणून रोलर परत नेला की तिथे पट्टा उमटलाच. दोन हातांत चार तास, पावसाळ्यात आठ.

वरून चंदेरी रंगाचा पातळ थर देण्याचा प्रयोग आधी फळीवर केला, बरं झालं. चंदेरी कण रोलरच्या ओढीप्रमाणे आडवेतिडवे बसतात. कॅमेरा सरकणाऱ्या दृश्यात रोलरचे पट्टे आणि पांढऱ्या आकाशात वाळूसारखी लुकलुक दिसते. बाजूला बसणाऱ्याला चित्र काळवंडलेलं. स्प्रे गन नसेल तर या वाटेला जाऊ नये.

चौकटीला तीन इंच रुंद काळी मखमली पट्टी चिकटवली, ती मात्र रंग आठवडाभर वाळल्यावर. घाई केली तर टेपबरोबर साल निघते. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवलाय. पुढे डाग पडला तर तेवढ्यापुरता ब्रश फिरवून भागत नाही, ठिगळ दिसतं. अख्ख्या पडद्याला एक हात द्यावा लागतो.