पुन्हा उगवलेल्या रानाचे वय

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या आतल्या भागात गुरांसाठी जमीन पाहणाऱ्या मराठी ओळखीच्यांकडून मला एक प्रश्न नेहमी ऐकायला मिळतो. जमीन विकत घेतलेली, तिच्यावरची झाडे कोणी लावलेली नाहीत, आधीच्या मालकाने एकदा साफ केलेल्या रानातच ती पुन्हा वर आलेली. मग ती काढायला सरकारची परवानगी कशासाठी? प्रश्न वाजवी आहे. त्याचे उत्तर मात्र झाडाच्या जातीपेक्षा त्याच्या वयात, आणि वयापेक्षाही सरकारी नकाशात त्या जागेला कोणता रंग दिला आहे यात दडलेले असते.

राज्याचा वनस्पती व्यवस्थापन कायदा १९९९ चा आहे. त्याखालील नकाशात जमिनीचे पाच वर्ग पाडले आहेत. गडद निळा म्हणजे 'बी' वर्ग, अर्थात कधीच न तोडलेले किंवा मूळ रानाच्या बरोबरीला पोहोचलेले रान. फिकट निळा म्हणजे 'सी', जुनी आणि मोलाची मानली गेलेली फेरवाढ, म्हणजे तोडीनंतर पुन्हा उगवलेले रान. पिवळा 'आर' वर्ग हा ग्रेट बॅरियर रीफ या समुद्रातल्या प्रवाळ-रांगेकडे वाहणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत ओढ्यानाल्यांच्या दोन्ही काठांवरील पन्नास मीटरच्या पट्ट्यातल्या फेरवाढीसाठी आहे. लाल 'ए' वर्गात बेकायदा तोडीनंतर राखायला लावलेल्या जागांसारखी क्षेत्रे येतात. पांढरा तो 'एक्स', आणि या कायद्यापुरती तिथली तोड सर्वसाधारणपणे मोकळी असते. मूळ रानाच्या बरोबरीला पोहोचणे याचीही व्याख्या ठरलेली आहे: वरच्या थराचे आच्छादन अबाधित रानाच्या किमान ५० टक्के, उंची किमान ७० टक्के आणि झाडे त्याच परिसंस्थेची. म्हणजे फेरवाढ ही कायमची ओळख नव्हे, कारण पुरेशी वाढू दिली तर ती कायद्याच्या नजरेत पुन्हा मूळ रान होऊ शकते.

या सगळ्या वादाच्या केंद्रस्थानी ब्रिगलो नावाचे बाभळीच्या कुळातले, रुपेरी-करड्या पानांचे झाड आहे. कोकणात ऐन किंवा किंजळ तोडल्यावर खुंटाला धुमारे फुटतात हे आपल्याला माहीत आहे. ब्रिगलोचा चिवटपणा त्याहून वरचा, कारण त्याचे फुटवे खुंटापाशी न थांबता जमिनीखाली पसरलेल्या मुळांवरून जागोजागी वर येतात, आणि एक झाड पाडले की काही वर्षांत तिथे झुडपांची भिंत उभी राहते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर दोन बुलडोझरांमध्ये जाड साखळी ओढून हे रान लाखो हेक्टरांवर आडवे करण्यात आले. त्यामागे सरकारचीच योजना होती, आणि ज्यांना तिथे भाडेपट्ट्याने जमिनी मिळाल्या त्यांच्यावर ठरलेल्या मुदतीत रान साफ करण्याची अट होती. आजच्या शेतकऱ्यांच्या रागाचे मूळ मला इथे दिसते. आजोबांनी झाडे तोडली नसती तर अटीचा भंग ठरला असता, आणि नातवाने तोडली तर तो गुन्हा ठरू शकतो. हा राग समजून घेतल्याशिवाय तिथल्या नियमांवर बोलणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते, जरी झाडे राखली पाहिजेत याबद्दल माझ्या मनात शंका नसली तरी.

नियम किती वेळा फिरले ते पाहिले की हा अविश्वास आणखी उमगतो. मूळ रानाची सरसकट तोड २००६ अखेर बंद झाली. २००९ मध्ये ३१ डिसेंबर १९८९ नंतर न तोडलेल्या फेरवाढीला संरक्षण मिळाले. २०१३ मध्ये सरकार बदलल्यावर खाजगी मालकीच्या जमिनीवरून ते उठवले गेले. २०१६ मध्ये ते परत आणण्याचे विधेयक विधानसभेत पडले, आणि मे २०१८ मध्ये नवा कायदा झाला, ज्यात ठरावीक तारखेऐवजी 'किमान पंधरा वर्षे न तोडलेली' हा निकष आला. दर फेरीआधी बुलडोझर जोरात चालले. नियम येणार असे कळल्यावर जो गडी तोड आणखी पाच वर्षे लांबवणार होता, तोही आज तोडून मोकळा होतो. २०१५-१६ या एका वर्षात राज्यात सुमारे ३ लाख ९५ हजार हेक्टरांवरची झाडे गेली.

पंधरा वर्षांचा निकष शास्त्राच्या दृष्टीने निराधार नाही, कारण त्या वयात ब्रिगलोच्या फेरवाढीला रानाचा आकार येऊ लागतो. अडचण आहे ती वयाला जोडलेल्या बक्षीस-शिक्षेची. चौदा वर्षांचे रान मालकाच्या मुठीत असते, सोळा वर्षांचे कदाचित नसते. तेव्हा सावध मालक रान त्या वयाला पोहोचूच देत नाही. रान वाढवण्यासाठी केलेला नियम अशा रीतीने रान कोवळे ठेवण्याचे कारण बनतो.

यावरचा उपाय, माझ्या मते, सरकारी व्यवस्थेतच आहे, आणि पर्यावरणवादी मित्रांना तो आवडत नाही. मालक आपल्या जमिनीचा स्वतंत्र नकाशा प्रमाणित करून घेऊ शकतो. त्यात एखादा भाग 'एक्स' ठरला की तिथे पुढे कितीही झाडी वाढली तरी तो वर्ग सहसा मालकाच्या संमतीशिवाय बदलत नाही, आणि जमीन विकली तरी नकाशा तिच्याबरोबर जातो. राज्यातली बहुतेक तोड 'एक्स' वर्गातच होते, हा त्यावरचा आक्षेप खरा आहे. तरीही ज्याला झाडांची भीती उरली नाही तो शेतकरी गुरांच्या सावलीसाठी एखादा पट्टा निर्धास्तपणे वाढू देतो, ही दुसरी बाजू आकडेवारीत दिसत नाही. भीतीने तोडलेल्या रानापेक्षा मोकळीक असूनही राखलेले रान मला अधिक टिकाऊ वाटते. नुसत्या मोकळिकीने सगळे राखतील असे मात्र मी म्हणणार नाही. राखणाऱ्याच्या हाती काही पैसा पडला पाहिजे. पश्चिमेकडच्या मल्गाच्या (हेही बाभळीच्या कुळातलेच झाड) रानांत फेरवाढ राखून कार्बनचे श्रेय, म्हणजे झाडांनी शोषलेल्या कार्बनसाठी मिळणारी कार्बन क्रेडिट्स, विकण्याची सोय अनेकांनी वापरली. पण तिथली झाडी पावसाने वाढली की गुरे आवरल्यामुळे, यावर अभ्यासकांत कडाक्याचा वाद झाला आणि त्या पद्धतीत नवे प्रकल्प घेणे २०२३ मध्ये थांबले.

जमीन पाहणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. 'एक्स' हा फक्त राज्याचा शिक्का आहे. ब्रिगलोची परिसंस्था ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारच्या पर्यावरण कायद्याखाली २००१ पासून संकटग्रस्त यादीत आहे, आणि त्या व्याख्येत पंधरा वर्षांहून जुनी, रानाचे रूप परत मिळवलेली फेरवाढही येते. राज्याच्या नकाशावर पांढऱ्या दिसणाऱ्या जागेतही त्यामुळे केंद्राकडे विचारणा करण्याची वेळ येऊ शकते.

उलट, संरक्षित वर्गातही सगळेच बंद नसते. घर किंवा गोठ्याभोवती आगीपासून बचावासाठी वीस मीटर, किंवा शेजारच्या सर्वांत उंच झाडाच्या दीडपट, यांपैकी जे जास्त असेल तेवढा पट्टा साफ ठेवता येतो. दुष्काळात मल्गाची पाने गुरांना घालण्यासाठी आणि 'सी' वर्गातल्या फेरवाढीच्या व्यवस्थापनासाठी वेगळ्या संहिता, म्हणजे नियमावल्या, आहेत. त्यांत अर्ज-मंजुरीची लांबण नसली तरी काम सुरू करण्याआधी राज्याच्या संबंधित खात्याला सूचना द्यावी लागते आणि संहितेतल्या मर्यादा पाळाव्या लागतात. जमिनीचा नकाशा खात्याच्या संकेतस्थळावरून कोणालाही मागवता येतो. दलाल दाखवील त्या छायाचित्रांपेक्षा तो आधी मागवावा, आणि विक्रेत्याकडे प्रमाणित नकाशा आहे का, हे करारावर सही करण्यापूर्वी लेखी विचारावे.