गेन आधी नीट लावा, प्लगिनचं (आवाजावर इफेक्ट देणाऱ्या सॉफ्टवेअरचं) नंतर बघू

रेकॉर्डिंग सुरू करताना सगळे माईकच्या मागे लागतात, पण माझ्या मते खरी गंमत इंटरफेसवरच्या (माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यावरच्या) गेनच्या, म्हणजे माईकचा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणाऱ्या, नॉबमध्ये आहे. गाणाऱ्याला सगळ्यात जोरातली ओळ गायला सांगा आणि तेव्हा मीटर -१२ डीबीच्या आसपास राहील एवढाच गेन ठेवा, कारण डिजिटलमध्ये ० च्या वर जागाच नसते, तिथे आवाजाचा माथा सपाट कापला जातो आणि मग तो टेक कायमचा फाटका. आवाज बारीक वाटला तरी घाबरू नका, २४ बिटला (म्हणजे बारीक आवाजही स्वच्छ टिपणाऱ्या सेटिंगला) रेकॉर्ड करताय ना, मग नंतर खुशाल वाढवा. कंडेन्सर माईकला (जो वीज मिळाल्याशिवाय चालत नाही) इंटरफेसमधून ४८ व्होल्ट लागतात, ते देणारं बटण स्पीकर म्यूट करूनच दाबा. आणि हेडफोनमध्ये आवाज उशिरा येत असेल तर बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते सेटिंग) कमी करा किंवा सरळ डायरेक्ट मॉनिटरिंग (माईकचा आवाज कॉम्प्युटरमधून न फिरवता थेट हेडफोनमध्ये) चालू करा, तसल्या उशिरात कुणाला गायला लावू नका हो!