अकरा रात्री, रिकामे मेल

"अहो, हल्ली तुमच्या मेलमध्ये फायली नसतात, नुसते त्यांचे पत्ते असतात. आम्ही येऊन घेऊन जायच्या का?"

हिशेब विभागातल्या मॅडमचा फोन. मी हसतच मेल उघडला आणि हसू तिथंच थांबलं. मेलच्या डोक्यावर १४ ओळी, प्रत्येक ओळीत सर्व्हरवरच्या एकेका फाइलीचा पूर्ण पाथ. त्याखाली माझंच वाक्य: 'सोबत सर्व शाखांचे अहवाल जोडले आहेत.' जोडलेलं काहीच नव्हतं. आदल्या रात्रीचा मेल पाहिला, तोही तसाच. मागे जात जात ११ रात्री मोजल्या.

हे मेल कोणी बसून पाठवत नाही. रात्री दोन वाजता क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्रॅम, जागा होतो, माझी एक शेल स्क्रिप्ट (ओळीनं लिहिलेल्या कमांड्सची फाइल) चालते, १४ शाखांच्या सीएसव्ही फायली (साध्या मजकुरातले तक्ते) गोळा करते आणि 'मेल' या कमांडला देऊन सात जणांना रवाना करते. सहा वर्षं विनातक्रार चाललं. मग आम्ही जुना रेड हॅट सर्व्हर सोडून डेबियन या दुसऱ्या लिनक्सवर आलो आणि स्क्रिप्ट जशीच्या तशी उचलून ठेवली.

पहिला संशय वाटेवर घेतला. पोस्टफिक्सचा, म्हणजे मेल पुढे पोचवणाऱ्या प्रोग्रॅमचा, लॉग काढला तर रोज रात्री सात नोंदी, प्रत्येकीत 'स्टेटस सेंट', पलीकडच्या सर्व्हरचं २५० हे होकारार्थी उत्तर. कमांडचा एक्झिट कोड, म्हणजे काम संपताना ती कळवते तो आकडा, शून्य: चूक नाही. आता शून्य म्हणजे मेल पोचला असं नव्हेच. मेल रांगेत पडला, एवढंच. पण इथं तर पोचलाही होता.

मग ती कमांड नक्की कोण आहे ते बघायला 'रीडलिंक' ही नावामागचा खरा प्रोग्रॅम दाखवणारी कमांड चालवली आणि उलगडा झाला. 'मेल' हे एका प्रोग्रॅमचं नाव नाही, ती दारावरची पाटी आहे. जुन्या सर्व्हरवर त्या दारामागे हेअरलूम मेलएक्स राहत होता. माझ्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक फाइलीआधी डॅश ए अशी खूण होती, आणि त्याच्याकडे डॅश ए म्हणजे 'ही फाइल जोड'. नव्या सर्व्हरवर बीएसडी मेलएक्स. त्याच्याकडे डॅश ए म्हणजे 'हे हेडर वाढव'. हेडर म्हणजे मेलच्या पाकिटावरची ओळ, जसा विषय. तिसरा एक असतो, ग्नू मेलयुटिल्स. त्याच्याकडे लहान ए हेडरसाठी आणि कॅपिटल ए फाइलीसाठी. पाटी एकच, घरं तीन, आणि तिघांच्या बोलीत त्या अक्षराचा अर्थ जुळेलच असं नाही. हे ज्यांनी ठरवलं त्यांनी एकमेकांना एक फोन करायला हवा होता.

तर झालं असं. माझ्या १४ डॅश ए मुळे १४ फायलींची नावं हेडर म्हणून पाकिटावर लिहिली गेली. हेडरला आधी नाव, मग कोलन, मग मजकूर लागतो. पोस्टफिक्सनं पहिला पाथ पाहिला, कोलन नाही, म्हणजे पाकीट संपलं आणि पत्र सुरू झालं असं धरून पुढचं सगळं मजकुरात ढकललं. बीएसडी मेलएक्सनं सांगितलेलं केलं, पोस्टफिक्सनं नियमानं केलं, समोरच्या सर्व्हरनं आलेलं घेतलं. एरर द्यायला कोणाकडे कारणच नव्हतं.

स्थलांतराच्या तक्त्यात 'मेल: तपासले' पुढे हिरवी खूण होती. चाचणी काय केली होती, तर 'टेस्ट' एवढा शब्द मेल कमांडला पाइप करून, म्हणजे थेट तिच्यात ओतून, स्वतःला पाठवला होता. तो पोचला. फाइल जोडलेलीच नव्हती तर ती गळणार कुठून? खुणेपुढची आद्याक्षरं माझीच आहेत, त्यामुळे इथं कोणावर ओरडता आलं नाही.

दुरुस्तीसाठी 'मट' हा दुसरा मेल प्रोग्रॅम घेतला. तिथं डॅश ए नंतर हव्या तेवढ्या फायली ओळीनं देता येतात, पण यादी संपली हे सांगायला मोकळे दोन डॅश द्यावे लागतात आणि मगच पत्ता. ते विसरलात तर पत्तासुद्धा फाइल समजला जातो आणि मेल जात नाही. निदान ओरडतो तरी, हे मला फार आवडलं. फायलींची यादी मी आता बॅशच्या अ‍ॅरेमध्ये (प्रत्येक नावाला वेगळा खण) धरतो आणि अवतरणात देतो. जुन्या स्क्रिप्टमध्ये सगळी नावं एकाच लांब स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकाच ओळीत, जोडत गेलो होतो, म्हणजे नावात एक स्पेस आली की फाइलीचे दोन तुकडे. आज आमच्या नावांत स्पेस नाही. उद्या एखादी शाखा घालणारच. आणखी एक: मट पाठवलेल्या मेलची प्रत होम डिरेक्टरीत 'सेंट' नावाच्या फाइलीत गुपचूप साठवत राहतो. ते 'कॉपी इक्वल्स नो' म्हणून बंद केलं, नाहीतर वर्षभरानं डिस्क भरली म्हणून मलाच फोन.

मग राहिलेल्या ११ दिवसांचे अहवाल. १५४ फायली, मिळून ९ एमबी. एकाच मेलमध्ये घालायला गेलो तर 'मेसेज फाइल टू बिग'. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट्स असते आणि आमच्याकडे ती कोणी बदललेली नव्हती. ९ एमबी त्यात सहज बसतात असं वाटतं, पण मेलमध्ये फाइल बेस६४ होऊन जाते: तीन बाइट्सची चार अक्षरं. नऊचे बारा होतात. हे मला माहीत होतं, आणि तरी घाईत 'एलएस' या फायलींची यादी देणाऱ्या कमांडनं दाखवलेल्या आकड्यावर गेलो. शेवटी लूप लावून दिवसाला एक असे ११ मेल सोडले.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "सगळ्या उघडल्या, बरोबर आहेत." मी विचारलं, इतके दिवस का नाही सांगितलंत? तर त्या रजेवर होत्या. आल्या त्याच सकाळी त्यांनी मेल उघडला आणि त्याच सकाळी फोन केला.

बाकीचे सहा जण रजेवर नव्हते. त्यांच्यापैकी एकाचं उत्तर दुपारी आलं: 'एकाच दिवशी ११ मेल कशासाठी? कृपया लक्ष द्यावे.'

त्याला लिहिलेलं उत्तर अजून ड्राफ्टमध्ये आहे.